वाळवीची भोकं

झाडं एकमेकांशी बोलायची, त्या काळातली ही गोष्ट.

एका टेकडीवर फणस आणि कडुनिंब शेजारी राहत होते. फणसाला वाळवी लागली, की कडुनिंब मुळांमधून आपला कडू रस त्याच्याकडे पाठवायचा आणि वाळवी मरून जायची.

एका वर्षी मात्र ती मरेना. तिने फणसाच्या खोडाला बारीक भोकं पाडली होती. रस आला, की ती तो भोकांतून बाहेर ओतून टाकायची. फणस आतून पोखरला जाऊ लागला.

"आणखी रस पाठवू का?" कडुनिंबाने काकुळतीने विचारलं.

"नको रे बाबा! वाळवी तो भोकांतून ओतून टाकते, आणि त्याने माझीच पानं गळायला लागलीत."

खोडावरून चाललेल्या काळ्या मुंगीने हे ऐकलं. "भोकं आहेत? कुठे?" ती आनंदाने ओरडली. "वाळवी खायला आम्ही कधीच्या टपलोय, पण आत शिरायला वाटच नव्हती!"

घटकाभरात मुंग्यांची रांगच्या रांग आत घुसली. वाळवीत हाहाकार उडाला. "भोकं बुजवा!" वाळवीची राणी किंचाळली. वाळवीने चिखल लावून एकूण एक भोक बुजवलं. उरलेल्या मुंग्या बाहेरच अडकल्या.

"हरलो आपण," कडुनिंब पुटपुटला.

"हरलो कसले? अरे, सगळी भोकं बंद झाली!" फणसाचं पान न् पान थरारलं. "रस सोड! आत्ताच्या आत्ता सोड!"

कडू रस सळसळत खोडात चढला. आत राणी ओरडू लागली, "भोकं उघडा! लवकर उघडा!"

बाहेर मुंग्या प्रत्येक भोकाशी दाटीवाटीने उभ्या होत्या.