मंदाची जाळी

सांगलीच्या वामनराव खटावकरांनी पंधरा वर्षं गंजत पडलेली आपली क्रूझर मोटरसायकल स्वतःच्या हातांनी उभी केली. इंजिनाचं काम केलं, हँडल उंच केलं, सीट रुंद केली. बदलली नाही ती फक्त मागच्या चाकाची साडीगार्डची जाळी. जिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून ती बसवली होती, ती त्यांची बायको मंदा जाऊन दोन वर्षं झाली होती.

रविवारच्या फेरीला जावं म्हणून ते मोटरसायकल क्लबात गेले. अध्यक्ष सर्जेराव म्हणजे बडं प्रस्थ. गेल्याच महिन्यात घाटात भरधाव जाताना घसरले, म्हणून हात गळ्यात बांधलेला. तोरा मात्र शाबूत. त्यांनी बुटाच्या टोकाने जाळीला ढोसलं.

"काका, मागे बसणारं कोणी नाही, मग हे भंगार कशाला? बिनकामाची वस्तू आमच्यात चालत नाही. काढा, नाहीतर येऊ नका."

सगळे हसले. वामनरावांनी वाकून जाळीवरची बुटाची माती रुमालाने पुसली.

"बिनकामाची कशी? हा माझा ब्रेक आहे. चाळीसच्या वर गेलो की मंदा मागून चिमटा काढायची. अजून ही जाळी आठवली की हात आपोआप सैल पडतो. साहेब, असा ब्रेक तुमच्या गाडीला असता, तर हात गळ्यात बांधायची वेळ आली नसती."

पुन्हा सगळे हसले, पण या वेळी सर्जेरावांकडे बघून. सर्जेरावांनी बाजूला सरून रस्ता दिला.

वामनरावांनी किक मारली आणि सवयीने क्षणभर थांबले. नीट बसली की मंदा म्हणायची, "हं, चला."

मागून कोणी बोललं नाही. मग स्वतःच हळू आवाजात "हं" म्हणून त्यांनी क्लच सोडला.