दांडी सरळ हवी

गडाखालच्या जीपवाल्यांची संघटना होती आणि बाजीनाना ढमाले तिचे कायमचे अध्यक्ष. एका बैठकीत त्यांनी फर्मान सोडलं, "सगळ्यांनी नवे शॉकअप बसवा! जुने दुरुस्त करून वापरणाऱ्याची जीप उद्यापासून गडावर चढणार नाही."

गाडीचे धक्के झेलणारे हे नवे शॉकअप तालुक्यात एकाच दुकानात मिळत, आणि ते दुकान होतं नानांच्या मेहुण्याचं. हे ठाऊक असूनही सगळे माना खाली घालून बसले.

स्वतःची जीप स्वतः चालवणाऱ्या हौसाबाई बोऱ्हाडे मात्र उठल्या. "नाना, दांडी वाकली तरच शॉकअप बाद होतो; माझ्याची दांडी सरळ आहे. नुसतं तेल गळतंय. सील बदललं की झालं."

"छे! जुनं झालं की धक्के बसणारच. सरळ काढून टाकायचं आणि नवं बसवायचं."

"पटलं," हौसाबाई म्हणाल्या. "मग सुरुवात अध्यक्षांपासून करू. आम्हाला पंधरा वर्षं धक्के बसतायत."

असा हशा पिकला की नाना खुर्ची घट्ट धरून बसले. "तसं नव्हे हो... दांडी सरळ असेल, तर जुनंही चालेल."

"चालेल ना," हौसाबाई खाली बसत म्हणाल्या. "पण नाना, दांडी सरळ हवी!"