ताकातला कोंडा

माणसं डुकरांच्या कोंड्यात रोज औषधाची पूड कालवू लागली, त्यानंतरची ही गोष्ट.

कबरी डुकरिणीची आठही पिल्लं दूध तुटताच हगवणीने गळून गेली. रोजची पूड आता लागूच पडेना, म्हणून मालकीण फिलोमिनाने ती बंद केली आणि कोंडा आंबट ताकात भिजवला.

"पूड असताना ही गत, आता तर मरतीलच!" कबरी कासावीस झाली.

शेजारची म्हातारी डुकरीण म्हणाली, "अगं, ती पूड पोटातले चांगले जंतूही मारायची. ताकाने ते परत येतील. तू फक्त पिल्लांना ऊब दे."

कबरी त्यांना कुशीत घेऊन पडून राहिली.

पाचव्या दिवशी सगळ्यांत किडकिडीत पिल्लू भावंडांना ढकलून कोंड्यात शिरलं.

"हावरट कुठला!" कबरी खेकसली आणि कितीतरी दिवसांनी स्वतःही पोटभर जेवली.