शेठचा सिनेमा आणि केरबाचं लग्न

चिंचणवाडी गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगानं धट्टाकट्टा, कामाला वाघ. सांगितलेलं अगदी तस्सं करायचा, आणि तिथंच सगळं बिघडायचं.

दर जत्रेला गावात तंबूतला सिनेमा यायचा आणि दर वर्षी तोच एक लागायचा, मुंबईच्या एका दादाचा. त्याला सगळे शेठ म्हणायचे. तीस वर्षं तो बघून बघून गावाला शेठचं याड लागलं होतं. न्हावी शेठसारखे केस कापायचा. शिंपी भर उन्हाळ्यात शेठचा लांब कोट शिवायचा. सरपंच ग्रामसभेत शेठसारखं हळू बोलायचे आणि कुणालाच काही ऐकू यायचं नाही. बँडवाले तर बारशालाही शेठच्या गोळीबाराची धून वाजवायचे. एकट्या केरबाला सिनेमा ठाऊक नव्हता. तंबूतले दिवे गेले की त्याला झोप लागायची.

यंदाच्या जत्रेत बांगड्यांच्या दुकानापाशी त्यानं वैजंता पाहिली आणि त्याची झोपच उडाली. लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्यानं आईला सांगून टाकलं. वैजंताचा बाप दौलू पाटील शेजारच्या गावचा, आणि शेठचा मोठा भक्त. जावई शेठसारखा हवा, एवढीच त्याची अट.

मग केरबाची शिकवणी गणूमामाकडं आली. मामा बावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा. सिनेमा त्याला तोंडपाठ होता.

"शेठ करतो तसं करायचं," मामा म्हणाला. "शेठ दाराकडं पाठ करून कधी बसत न्हाई."

केरबा दाढीला गेला. न्हाव्याची खुर्ची दाराकडं पाठ करून होती. न्हाव्यानं मिशीला वस्तरा लावला आणि केरबा गर्रकन दाराकडं वळला. अर्धी मिशी गेली. उरलेली न्हाव्यानं देवाचं नाव घेऊन काढली. आईनं कपाळावर हात मारला आणि बजावलं, की कुणी ऊठ म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही.

केरबानं ते मनात पक्कं धरलं. दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला जायचं होतं. मामा पुढं गेला होता, केरबा मागच्या गाडीनं निघाला. दौलू पाटलाचं गाव आलं. कंडक्टर गावाचं नाव ओरडला, पण ऊठ असं काही म्हणाला नाही. केरबा शेवटच्या थांब्यापर्यंत गेला आणि त्याच गाडीनं परत निघाला. अखेर मामानं रस्त्यात आडवं उभं राहून गाडी थांबवली आणि त्याला दंडाला धरून खाली ओढलं.

"आरं, जागा सोडायची वेळ आली की गपगुमान उतरावं. कुणी सांगायची वाट बघू ने."

अडीच तास उशीर झाला होता. मामाला वाटलं, आता सोयरीक मोडली. पण दौलू पाटील खूश. शेठही लोकांना असाच ताटकळत ठेवतो, असं तो चार माणसांत म्हणाला. पोहे आले. दुसऱ्यानं चाखल्याशिवाय शेठ जेवत नाही, हे मामानं शिकवलंच होतं. केरबानं बशी पाटलापुढं सरकवली. पाटलाचे डोळे भरून आले आणि तिथंच लग्नाची तारीख ठरली. दाराआडून वैजंता हसली. ते केरबानं पाहिलं, आणि पुढचे आठ दिवस त्याला आनंदानं जेवण गेलं नाही.

हळदीच्या दिवशी मामानं शेवटचा धडा दिला.

"दुश्मन वार करायला पडद्याआड हात वर करून हुबा ऱ्हातो. शेठ वळखतो. आपला कोट पाठीमागं हुब्या आपल्याच मॅनेजरच्या अंगावर घालतो, त्येला आपल्या जागी हुबा करतो. पडदा पडतो आन् मॅनेजर मरतो. लई भारी जागा हाय बघ."

लग्नाचा मुहूर्त आला. केरबा पाटावर उभा राहिला आणि दोघांनी त्याच्या नाकासमोर पांढरा पडदा धरला. पलीकडं कोण आहे दिसेना. पडद्याखाली फक्त दोन पावलं होती आणि वर दोन उचललेले हात. केरबानं ओळखलं. भटजी तर सारखे सावधान, सावधान म्हणत होते.

पाठीमागं मामा उभा होता, हातात लिंबू खोचलेली कट्यार घेऊन. केरबानं मागं हात करून आपला फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि मुंडावळ्या बांधल्या. मंगलाष्टकं चालू असताना बोलू नये म्हणून मामा गप्प राहिला. पोराला लघवीला लागलीय, येईल परत, असं त्याला वाटलं. केरबानं त्याला धरून पाटावर उभं केलं आणि स्वतः गपगुमान उतरला.

अंतरपाट बाजूला झाला. वैजंतानं लाजून मान खाली घातली होती. तशीच हात उंचावून तिनं हार घातला. बँड वाजला, सगळ्या मांडवानं अक्षता टाकल्या. दौलू पाटलानं डोळे पुसून जावयाकडं पाहिलं. जावई बावन्न वर्षांचा होता.

मांडवाच्या खांबाआडून केरबानं सुटकेचा निःश्वास टाकला. आपण वाचलो याचा त्याला आनंद झाला, मामाचं मात्र फार वाईट वाटलं. आणि वैजंता दुश्मनाच्या बाजूची निघेल, असं तर त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.