खडकावरचं पाडस

फार वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या रानात सिंहिणीनं तीन निवडक तुकड्या उभारल्या होत्या. पाण्यात पाणमांजरं, आभाळात ससाणे आणि जमिनीवर मुंगसं. पाणमांजरांची नायिका डुंबरी मोठी तोऱ्यात असे. "ज्याला पोहता येत नाही, तो कसला शिपाई?" असं म्हणून ती मुंगसांच्या नायकाला, झिपरूला, चिडवायची.

एकदा पुरात हरणीचं पाडस नदीतल्या खडकावर अडकलं. डुंबरी सपासप पोहत गेली, तर पाडसासमोर फणा काढून नाग बसलेला! तिची बोबडीच वळली. तशीच ती काठावर परतली.

"झिपरूदादा, माझ्या पाठीवर बसा."

"अगं, मला पाण्याची भीती वाटते!"

"आणि मला नागाची. चला!"

झिपरू डोळे मिटून तिच्या मानेला बिलगला. वरून ससाण्यानं झेप घेऊन नागाला हुलकावणी दिली, तेवढ्यात झिपरू खडकावर उतरला. त्याला पाहताच नाग पाण्यात पसार झाला. डुंबरीची शेपटी तोंडात धरून पाडस काठाला लागलं. हरणी आनंदानं नाचू लागली.

तोच खडकावरून हाक आली, "अगं, मला विसरलीस का?"

सारं रान खदखदून हसलं. "आले, दादा!" म्हणत डुंबरीनं पुन्हा पाण्यात सूर मारला.