आमच्या ह्यांचं बहुमत

फार जुनी गोष्ट नाही. डोंगराच्या पोटाशी एक रान होतं, आणि रानाला एक राजा होता. राजा म्हणजे अस्वलमहाराज. महाराजांना मध फार आवडे, म्हणून रानातलं प्रत्येक पोळं राज्याच्या कोठारात जमा करायचं असा कायदा होता. कोठारावर पाटी होती, 'प्रजेसाठी'. प्रजा ती पाटी रोज वाचायची आणि घरी जायची.

एका वर्षी महाराजांनी नावखातं काढलं. त्याआधी निरोप धाडायचा तर आपणच पायपीट करावी लागे. आता पोपटाला नुसतं नाव सांगायचं. निरोप म्हणा, डबा म्हणा, पोपट त्या नावाच्या दारात नेऊन टाकणार. नाव मात्र आधी नोंदवलेलं हवं. फी वर्षाला पानभर मोहाची फुलं. हवं ते नाव घ्या, हवी तितकी घ्या, जो आधी येईल त्याचं. वर्ष संपायच्या आत फी भरली नाही, तर नाव बेवारस. खात्याचे मुख्य होते राघूअण्णा. त्यांची स्मरणशक्ती दांडगी होती. समजशक्तीचा विषय कुणी काढत नसे.

यातली गोम पहिल्याच दिवशी कुणाला कळली असेल, तर ती खंडू खोकडाला. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊबंद. अंगानं बेताचा, कानानं मोठा. त्यानं 'पाणवठा' हे नाव घेऊन ठेवलं. पाणवठ्यावर त्याचा शेपटाएवढाही हक्क नव्हता, पण नाव त्याचं! महिन्याभरात हत्ती चौकशीला आले. एका पानाचं नाव खंडूनं पन्नास पानांना विकलं, आणि त्याला धंदा सापडला. कुणाकडे सोयरीक जुळली, की हा होणाऱ्या पिल्लांची नावं घेऊन बसलेलाच. बोरी कुठे फुलल्या, की 'गोडबोर' याच्या खिशात. 'सचोटी' हे नाव तेवढं त्यानं हौसेनं घेतलं आणि फसला. दोन वर्षांत एक गिऱ्हाईक फिरकलं नाही, शेवटी सोडून दिलं.

मग निवडणूक लागली. महाराजांच्या विरोधात गवा उभा राहिला. मतदान पोपटांकरवीच होतं. आपण नाव सांगायचं, पोपट त्या नावाच्या दारात एक बेहड्याचं फळ टाकणार, ज्याच्या दारात बेहड्यांचा ढीग मोठा तो राजा. खंडूनं डोकं चालवलं. राजाला प्रजा काय म्हणते? मायबाप! म्हणजे 'मायबाप' ज्याच्याकडे, त्याच्या दारात आयती मतं. दोघेही उमेदवार या नावासाठी जीव टाकतील. ते नाव होतं घोरपडीकडे. खंडूनं घरातली पावसाळ्याची सगळी बेगमी तिच्या पुढ्यात ओतली आणि 'मायबाप' घेतलं. त्याची बायको सारजा म्हणाली, पिल्लं पावसाळाभर काय खातील? खंडू म्हणाला, राजाच्या कोठारातला मध.

नावाचं वर्ष भरत आलं होतं. फी भरायच्या नेमक्या दिवशी कैऱ्या खाऊन खंडूचा घसा असा बसला की तोंडातून शब्द फुटेना. घरचं माणूस गेलं तरी चालत होतं. आधी मालकाचं नाव सांगायचं, मग घेतलेलं नाव, इतकंच. त्यानं सारजाला धाडलं.

राघूअण्णांनी विचारलं, "मालकाचं नाव?"

नवऱ्याचं नाव सारजानं जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, आणि तेही चार बायकांनी दार अडवून धरलं म्हणून.

"आमचे हे," ती पुटपुटली.

"बरं. पुढे?"

"मायबाप."

राघूअण्णा सुखावले. कामासाठी येणारा प्रत्येक जण त्यांना मायबापच म्हणे, पण इतक्या मर्यादेनं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पानभर मोह ठेवून घेतला, आणि उरलेलं तेवढंच नाव धरून खंडूच्या बिळाच्या पत्त्यावर नवं नाव नोंदवलं, 'आमचे हे'. दिवस मावळला तसं 'मायबाप' बेवारस झालं. घोरपडीनंच ते एका पानात परत उचललं. घोरपडीची पकड सगळ्यांना ठाऊक आहेच.

खंडूचा घसा सुटला तो बोंब मारायलाच. सगळं गेलं होतं. बायकोला बोलून काही परत येणार नव्हतं, तरी तो तासभर बोलला. सारजा म्हणाली, नाव घेतलं असतं तर चार बायका काय म्हणाल्या असत्या? खंडूनं विषय तिथंच सोडला, कारण त्या चारही बायका त्याला माहीत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिळाच्या तोंडाशी एक डबा आला. साळिंदरणीनं कंद भाजून पोपटाला सांगितलं होतं, आमच्या ह्यांना नेऊन दे. मागोमाग रानमांजरीचा खेकडा आला, माकडिणीची केळी आली. रानातली एक बायको नवऱ्याचं नाव घेईल तर शपथ! पिल्लं जेवली, खंडू जेवला. डब्यांबरोबर निरोपही येत, आणि 'कुठं उलथलात, घरी या' हे खंडूला दिवसातून तीसेक वेळा ऐकावं लागे. आठ दिवसांनी डबे थांबले. नवरे म्हणत डबा पोचला नाही, बायका म्हणत खाऊन खोटं बोलता, आणि त्यांनी स्वयंपाकच बंद केला. बिळात पुन्हा ठणठणाट झाला.

इकडे प्रचार तापला. महाराजांना दुपारी झोप लागे, म्हणून भाषणाला राणीसाहेब जात. "आमच्या ह्यांनी तुमच्यासाठी काय नाही केलं?" त्या विचारत. "मध कोठारात ठेवून तुमचे दात किडण्यापासून कुणी वाचवले? आमच्या ह्यांनी! मत कुणाला?" सगळं रान ओरडे, आमच्या ह्यांना. गव्याला माइकसमोर नुसता संताप येई, म्हणून त्याच्याही वतीनं त्याची बायकोच बोले, आणि तीही आमचे हेच म्हणे. दोघांचा जाहीरनामा एकच असल्यामुळे ऐकणाऱ्याची गैरसोय झाली नाही.

मतदानाच्या दिवशी प्रजेनं रांगा लावून, शिकवलं होतं तसंच पोपटांना सांगितलं. संध्याकाळी मोजणी झाली. महाराजांच्या दारात एक बेहडा, त्यांचा स्वतःचा. गव्याच्या दारातही एकच. आणि खंडूच्या बिळावर एवढा ढीग, की सारजाला पिल्लांना घेऊन मागच्या भोकातून बाहेर यावं लागलं.

महाराज धापा टाकत आले, मागून गवा आला. महाराजांनी खंडूवर पंजा उचलला, तेवढ्यात राघूअण्णांनी नियम म्हणून दाखवला. मालक मेला तर नाव बाद, नाव बाद तर मतं बाद, की पुन्हा निवडणूक. पुन्हा निवडणूक म्हटल्यावर महाराजांनी तोच पंजा खंडूच्या खांद्यावर प्रेमानं ठेवला.

"राज्य करायचंय का रे तुला?" त्यांनी विचारलं.

खंडूनं पिल्लांकडे पाहिलं. राज्य कसं करतात हे त्याला माहीत नव्हतं. घेतलेलं नाव कसं विकतात, हे माहीत होतं.

सारजानं त्याला बाजूला ओढलं. ढिगाच्या पलीकडे ससे, साळिंदरं, माकडं माना उंच करून उभी होती, आपण कुणाला निवडलं ते ऐकायला. "हे आपलं नाही," ती म्हणाली. "ज्यांनी दिलंय त्यांना एकदा विचारा तरी."

खंडूला लाज वाटली. अगदी खरी, कान खाली पाडणारी लाज. पण मागून महाराज अर्ध्या कोठाराचा मध म्हणत होते, आणि गवा कुरणं मोजून दाखवत होता. पिल्लांच्या बरगड्या त्याला त्यांच्या कातडीतून दिसत होत्या. त्यानं सारजाला सांगितलं, मतं नावाला दिली आहेत आणि नाव आपलं आहे, यात विचारायचं काय? बोली चढत गेली. शेवटी 'आमचे हे' महाराजांनी घेतलं. गव्यानं रुसू नये म्हणून त्याच्यासाठी 'आमचे हेसुद्धा' असं नवं नाव काढून त्याला उपराजा केलं. खंडूच्या बिळात तीन पावसाळे पुरेल इतका मध आला. सारजानं पिल्लांना चाटवला. स्वतः तिनं बोट लावलं नाही, आणि खंडूनं तिला आग्रह केला नाही.

शपथविधीला सगळं रान जमलं होतं. एका म्हाताऱ्या सशाला मात्र चैन पडेना. त्यानं राघूअण्णांना गाठून विचारलं, की मी गव्याच्या बायकोचं भाषण ऐकून मत दिलं होतं, माझं मत महाराजांकडे कसं गेलं? राघूअण्णांनी त्याला समजावलं, की मत बरोबर जागी पोचलं आहे. जागा तेवढी नंतर ठरली. सशाला ते पटलं, कारण ते नियमात होतं.

त्या रानात अजून निवडणुका अगदी वेळेवर होतात. मत द्यायचं की नाही, हे प्रजा ठरवते. ते कुणाला दिलं होतं, हे तिला मागाहून कळवण्यात येतं.