दयाळाची उचल

माणसांनी बाजार मांडला त्याच्याही आधी एका रानात दयाळ पक्षी फार गोड गायचा. कोल्होबांनी त्याला उचल म्हणून चार पिकली उंबरं दिली. म्हणाले, "आजपासून तुझं गाणं माझं. ऐकणारे जे आणतील, त्यात निम्मा वाटा तुझा."

ऐकायला सारं रान लोटलं. फळांची रास पडली. दयाळ हरखून वाटा मागायला गेला.

"उचल वळती केली, फांदीचं भाडं कापलं, सावलीचंही कापलं," कोल्होबा ढेकर देत म्हणाले. "उलट तुझ्याकडेच दोन फळं निघतात बघ."

दुसऱ्या दिवशी रान पुन्हा जमलं. दयाळ मात्र श्रोत्यांत जाऊन बसला.

"अरे, गा ना!" कोल्होबा कुजबुजले.

"मी कसा गाणार? गाणं तुमचं," दयाळ म्हणाला. "करा सुरू, कोल्होबा. ऐकायला मी दोन फळं आणलीत."